चार घागरींचा समुद्र

वर्गाची हजेरी घेण्याआधी सोनकांबळे सर टाकीची हजेरी घ्यायचे. प्रयोगशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीखाली ती काचेची टाकी होती, चार घागरी पाणी मावेल एवढी. सर चष्मा कपाळावर ढकलायचे, काचेला नाक लावायचे आणि लाल पुठ्ठ्याच्या वहीत बघून मोठ्यानं आकडे म्हणायचे. "शंख एक, हजर. शंख दोन, हजर. शंख तीन..." इथं थांबायचे. आम्ही बारावीच्या पोरी मागून ओरडायचो, "सर, दगडाखाली हाय!"

"दगडाखालचा हजर धरत न्हाईत. न्हाईतर उद्या तुम्ही कॅन्टीनमध्ये बसून हजेरी मागाल."

आणि खरोखर वहीत लिहायचे: शंख क्रमांक तीन, गैरहजर, दगडाखाली असावा.

उदगीरहून समुद्र एक अख्खी रात्र आणि वर काही तास लांब. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरींनी लातूर पाहिलं नव्हतं, समुद्र कुठला. पुस्तकात पोवळं होतं, शंख होता, दुसऱ्याच्या शिंपल्यात राहणारा खेकडा होता. कॉलेजच्या बरण्यांत हे सगळे औषधात बुडून पांढरेफटक पडलेले. सरांना त्या बरण्यांचा राग होता. "मेलेल्या जिवावर शास्त्र शिकलेली माणसं जिवंतांचं काय करणार?" असं ते म्हणायचे. निवृत्तीला चार वर्षं उरली तेव्हा त्यांनी ठरवलं की आपल्या हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक पोरीनं जिवंत पोवळं हलताना बघायचं. दगडी पोवळं पाळणं कायद्यानं गुन्हा, म्हणून मऊ जातीचं, पण जिवंत.

बाजारातून मीठ आणून समुद्र होत नाही, हे आम्हाला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. समुद्राच्या पाण्याचं वेगळं मीठ पाकिटात येतं. त्यांनी ते पाण्यात कालवलं, भोकाभोकांचे कोरडे दगड रचले आणि त्यात उदगीरच्या बाजारातलं मूठभर सुकट टाकलं. मासा नाही, शंख नाही, नुसतं सुकट. ते कुजू लागलं. प्रयोगशाळेचे शिपाई खाजाभाई नाकाला रुमाल लावून म्हणाले, "साब, समिंदर आया नहीं, बास पैले आ गई."

सहा आठवडे तसंच. कुजणाऱ्या सुकटाच्या विषावर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जंतू दगडांत बस्तान बसवतात. ते बसल्याशिवाय त्या पाण्यात कुणी जगत नाही. सर रोज एका परीक्षानळीत पाणी घेऊन रंग बघायचे आणि मान हलवायचे. आम्ही विचारायचो, "सर, मासे कधी?" ते म्हणायचे, "वस्तीच न्हाई झाली अजून."

वस्तीचा त्यांचा नियम पाठ होता. एका वेळी एकच. दोघांच्या मध्ये तीन आठवडे. आधी झाडणारे, मग राहणारे, दांडगा सगळ्यात शेवटी. म्हणजे आधी शेवाळ खाणारे शंख आणि उष्टंखरकटं वेचणारे खेकडे, मग पोवळं, मग गरीब मासे. एकदाच, खडू हातात धरून, ते एवढं बोलले: "आपल्या गावांनी उलटं केलं. दांडगे मधोमध बसले आणि झाडणाऱ्यांना वेशीबाहेर काढलं. म्हणून गावाच्या पाण्याला अजून वास येतो." मग फळ्याकडे वळून त्यांनी आम्लतेचं गणित सुरू केलं.

माझ्याशी ते वेगळं बोलायचे, कारण मी पत्रकांवर वाढलेली. आमच्या वडलांचा छोटा छापखाना होता. पक्ष गेले, संघटना फुटल्या, पण छापखाना चालू राहिला. माझं अक्षरज्ञान निषेधाच्या मथळ्यांवर झालं. कॉलेजात मी नव्या जिल्ह्याच्या कृती समितीत होते. उदगीर जिल्हा झाल्याशिवाय आपलं काही खरं नाही, असं आम्हाला वाटायचं, आणि ते मी आठवड्याला एका पत्रकात लिहायचे. मी बारावी संपवून पदवीला गेले तरी सरांच्या प्रयोगशाळेत माझं येणं सुटलं नाही. दारात दिसले की सर म्हणायचे, "या पत्रकबाई. आज कुणाचा निषेध?"

"सर, जिल्ह्याचा प्रश्न हाय. हसू नका."

"हसत न्हाई. तुमचा जिल्हा कलेक्टरच्या खुर्चीपासून सुरू होतो, माझा सुकटापासून. बघू कुणाचा आधी होतो."

त्यांचा आधी झाला. पाच शंख आले, दोन खेकडे आले, बोटांएवढी पोवळ्याची दोन झुडपं आली. खेकडे वाढले की जुना शिंपला त्यांना पुरत नाही, म्हणून सर वेगवेगळ्या मापांचे रिकामे शिंपले वाळूत मांडून ठेवायचे. त्याला ते घरकुल योजना म्हणायचे. "बघा, अर्ज न्हाई, दाखला न्हाई. मापाचं दिसलं, की राहायला गेला."

नारिंगी माशांची जोडी त्यांनी हैदराबादहून एसटीनं आणली. मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात हवा भरलेली पिशवी. कंडक्टर म्हणाला, "सर, सामान मागं टाका." सर म्हणाले, "सामान न्हाई. प्रवासी हायत." कंडक्टरही आमच्याच भागातला, तो हार जाणारा नव्हता. "मग तिकीट काढा की. वय काय लावू?"

"पाचाच्या पुढं, बाराच्या आत."

त्यानं दोन अर्धी तिकिटं फाडली. सरांनी घेतली. ती लाल वहीत चिकटवलेली मी पाहिली आहेत.

त्या दिवशी घरी न जाता त्यांनी ती पिशवी टाकीत तरंगत ठेवली आणि दवाखान्यातल्या सलाईनच्या नळीनं टाकीचं पाणी थेंब थेंब तिच्यात सोडत चार तास बसले. मी म्हटलं, सर, द्या की सोडून. त्यांनी मान वर केली नाही. "नव्या पाण्यात कुणाला एकदम ढकलायचं न्हाई. पाणी चांगलं असलं तरी. धक्क्यानं मरतात."

हे वाक्य मी ऐकलं होतं. ते मला माहीत होतं.

त्याच साली संस्थेच्या सचिवांचा पुतण्या एक झगझगीत निळा मासा घेऊन आला, मागे फोटो काढणारा. "सर, आमच्याकडून देणगी. सोडा आत."

"आज जागा न्हाई."

"एवढं पाणी रिकामं दिसायलंय की!"

"रिकामं दिसतं. रिकामं न्हाई." सर शांतपणे म्हणाले, "हा आधी गेला तर सगळी टाकी माझीच म्हणल. मागून येणाऱ्या प्रत्येकाला चावल. याची पाळी शेवटची."

पुतण्याला ते स्वतःबद्दल वाटलं असावं. निळा मासा परत गेला. त्या वर्षी प्रयोगशाळेला मिळायचं सामान मिळालं नाही. सरांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही; हजेरी मात्र एक दिवस चुकवली नाही.

मग तो दुष्काळ आला. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो. उदगीरला नळ वीस-वीस दिवस कोरडा. लोक टँकरच्या मागं धावायचे, घागरींच्या रांगेवरून शेजारी शेजाऱ्याचं तोंड बघेना.

समुद्राच्या टाकीचं एक गणित आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज जेवढं उडेल तेवढं गोडं, शुद्ध पाणी वरून घालावं लागतं, नाहीतर उरलेलं खारट होत जातं आणि आतले जीव वाळतात. सर रोज सकाळी काचेवर लाल पेन्सिलीनं ओढलेल्या रेघेपर्यंत पाणी आणायचे. त्याला एक तांब्याभर पुरायचं. पण मराठवाड्याच्या उन्हात टाकी तापते. पंखा लावला तर पाणी जास्त उडतं, नाही लावला तर जीव शिजतात. सर पंखा लावायचे. दीड तांब्या लागायचं.

हे पाणी कॉलेजचं नव्हतं. घरी विकतच्या शुद्ध पाण्याचा जार यायचा, त्यातलं स्वतःच्या वाट्याचं ते बाटलीत भरून आणायचे. चहा अर्धाच प्यायचे. ओठ फुटलेले. खाजाभाई म्हणायचे, "साब, तुम पीते नहीं, मछली को पिलाते." सर म्हणायचे, "मी रेघेच्या खाली गेलो तरी चालतं खाजाभाई. मला पाय हायत."

हे सगळं मला माहीत होतं, हे मी पुन्हा लिहिते. कारण त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. पाण्याच्या वाटपावर होतं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कुणाच्या बंगल्यावर टँकर रिकामा होतो, कुणाच्या विहिरीवर कुलूप आहे, सगळं. पण शेवटाला एक ओळ हवी होती. ती मला सुचली: माणसं कोरडी आणि काचेतले मासे ओले. सरांचं नाव नव्हतं, कॉलेजचं नव्हतं. ओळ चांगली होती. ती खोडायला माझा हात धजला नाही.

बंगल्यावर कुणी गेलं नाही. तिथं कुत्री असतात. लोक कॉलेजवर आले.

शंभरेक माणसं असतील. पुढं कॉलेजमागच्या गल्लीतल्या शांताबाई, जमीनदार घरातल्या, बोलायला फटकळ. प्राचार्य घामाघूम. सर टाकीच्या शेजारी हात मागं बांधून उभे.

"मास्तर, एवढं पाणी माशाला?" शांताबाई म्हणाल्या. "आमच्या लेकरांनी काय गटारीचं प्यावं?"

"बाई, हे पिण्याचं न्हाई. मीठ हाय त्यात."

"मीठ तुमच्या जिभंला असंल."

सरांनी एक काचेचं भांडं भरून पुढं केलं. शांताबाईंनी घोट घेतला आणि फरशीवर थुंकला. "अगं आई गं! हे तर लईच खारट!" मागचे हसले. त्याही हसल्या. तोंड पुसत त्यांनी टाकीत वाकून पाहिलं, बराच वेळ. पोवळं पंख्याच्या वाऱ्यानं हलणाऱ्या पाण्यात बोटं हलवत होतं. "आन हे फूल?"

"फूल न्हाई. जनावर हाय."

"जनावर?" त्या पुटपुटल्या. "बसल्या जागी जगतंय बिचारं."

लोक गेले. पण प्राचार्य घाबरले होते. दुसऱ्या दिवशी लेखी आदेश लागला: प्रयोगशाळेत बाहेरून पाणी आणू नये. फाटकावरचा पहारेकरी सरांची बाटली काढून घेऊ लागला. मग सर जेवणाच्या डब्यातल्या वरणाच्या पुडात पाणी आणायला लागले. निवृत्तीला आलेला माणूस, स्वतःच्या वाट्याचं पाणी डब्यात लपवून. तेवढ्यानं भागेना. पाणी रेघेच्या चार बोटं खाली गेलं. दोन शंखांनी दारं लावून घेतली.

मी त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं, ओळ माझी. ते म्हणाले, "ओळखली मी. चांगली होती." एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

परीक्षेचे पेपर तपासायला त्यांना दोन दिवस लातूरला जावं लागलं. जाताना ते मला आणि खाजाभाईंना म्हणाले, "दोन दिवस काही होत न्हाई. पंखा चालू ठेवा. बाकी कुणी काही करायचं न्हाई. तेवढंच करा."

काही करायचं नाही, हे माझ्या घरात मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी दुसरं पत्रक काढलं. आधीच्या ओळीबद्दल माफी मागितली. सर कुणाच्या वाट्याचं पाणी घालतात ते लिहिलं. आणि मथळा दिला: एक तांब्या सरांसाठी.

माझं एवढं यशस्वी पत्रक दुसरं नाही. सकाळी गल्लीतून बायांची रांग निघाली. वीस दिवसांनी नळ येणाऱ्या गावात, प्रत्येकीच्या हातात भरलेला तांब्या. त्यातही देवघरातला, घासून लखलखीत केलेला. टँकरचं, बोअरचं, ब्लीचिंगचा वास येणारं, जे होतं ते. पुढं शांताबाई. प्राचार्यांनी स्वतः दार उघडलं आणि फोटो काढून घेतला. खाजाभाई एकदा म्हणाले, "साब ने मना किया था, बेटी." मी म्हटलं, "खाजाभाई, या बायांना परत पाठवायचं का?" ते बाजूला सरले. उन्हात बाया उभ्या होत्या.

पहिला तांब्या मी ओतला. मग शांताबाईंनी ओतला, हात जोडले, म्हणाल्या, "पी बाबा, बसल्या जागी." एकेक करून सगळ्यांनी. पाणी रेघेपर्यंत आलं, रेघेच्या वर गेलं, काठाला लागलं. मी रडत होते, आनंदानं. गाव असं असतं, असं मला वाटलं. थेंब थेंब, सलाईनची नळी, धक्क्यानं मरतात. यातलं काहीही मला आठवलं नाही.

सर परत आले तेव्हा पोवळ्याची बोटं आत ओढली जाऊन त्यांवर शेंबडासारखा थर आला होता. खेकडे शिंपल्यांबाहेर उताणे पडले होते. नारिंगी जोडीतला एक वर तरंगत होता, दुसरा तळाशी अजून कल्ले हलवत होता. सरांनी वास घेतला, काठाला बोट लावून चाखलं. ब्लीचिंगचा वास, उतरलेलं मीठ आणि खाजाभाईंनी सांगितलेली तांब्यांची रांग: त्यांना सगळं कळलं.

त्यांनी वही काढली, चष्मा कपाळावर ढकलला. "शंख एक," ते म्हणाले, आणि वाट बघितली. "शंख दोन." असं शेवटपर्यंत. खाजाभाई म्हणाले, "साब, बस करो." सरांनी शेवटचा आकडा म्हटला, वही मिटली.

मी म्हटलं, "सर, मी सगळ्यांना सांगते. माझी चूक—"

"कुणाला काही सांगायचं न्हाई." मी त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "उन्हानं गेले. वीज गेली होती, पंखा बंद पडला. असं सांगायचं."

"पण वीज गेली नव्हती सर."

ते स्टुलावर बसले. "माझी आजी या मागच्या गल्लीत झाडायला जायची. तहान लागली की ओंजळ धरायची आन वरून पाणी वाढायचे. भांडं लागू नये म्हणून. काल त्याच गल्लीतून, देवघरातले तांबे घेऊन, माझ्या दारात बाया आल्या." त्यांनी मिटलेली वही मांडीवर ठेवली. "आता त्यांना काय सांगू मी? तुमच्या पाण्यानं मेले म्हणू? तुमचं पाणी चालत न्हाई म्हणू? मी म्हणू हे?"

तळाशी कल्ले हलायचे थांबले होते.

"मी आहे तोवर यावर पत्रक न्हाई," ते म्हणाले. मी शब्द दिला.

शांताबाई चौकशीला आल्या तेव्हा ते हसून म्हणाले, "ऊन लई होतं बाई. तुमच्या पाण्यानं दोन दिवस जास्त जगले." त्या पदरानं डोळे पुसत गेल्या. गल्लीत ही गोष्ट अजून तशीच सांगतात. सर पुढे नांदेडला मुलाकडे राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथंच वारले, म्हणून मी आज लिहिते आहे. लिहिल्यानं काही नीट होतं, यावर माझा विश्वास उरलेला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस. खारं पाणी कुठं ओतायचं, हा प्रश्न होता. जमिनीवर ओतलं तर तिथं काही उगवत नाही. म्हणून त्यांनी टाकी उचलून कॉलेजच्या गच्चीवर ठेवली होती, आपोआप आटायला. आमचा जिल्ह्याचा मोर्चा खालच्या रस्त्यानं चालला होता. घोषणा मीच देत होते. वर पाहिलं तर सर टाकीशेजारी वाकलेले, हातात लाल पेन्सिल. पाणी तळाशी गेलेलं, काचेवर एकाखाली एक रेघा आणि प्रत्येक दोन रेघांच्या मध्ये मिठाचा पांढरा पट्टा.

घोषणा ऐकून ते कठड्याशी आले. मोर्चाच्या पहिल्या रांगेवरून त्यांनी हजेरी घेतल्यासारखं बोट फिरवलं. पहिल्या रांगेत फेटा बांधलेला सचिवांचा पुतण्या होता आणि त्याची माणसं. नगरपालिकेच्या झाडणाऱ्या बाया सगळ्यांच्या मागं, धुळीत चालत होत्या. सरांचं बोट त्यांच्यापर्यंत गेलंच नाही, मध्येच खाली आलं.

मग ते मागं वळले, वाकले, आणि त्यांनी त्या दिवसाची रेघ ओढली.